साक्षीदाराला हा चेहरा मधल्या काळात कुठे दिसला? जबरी चोरीच्या अपिलात ओळखीचा पुरावा

एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्या मेहुण्याला सत्र न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या कलम ३९२ (जबरी चोरी) आणि ३९७ (जबरी चोरीत घातक शस्त्राचा वापर) खाली ७ वर्षं सक्तमजुरी सुनावली. निकालाला ५ आठवडे झालेत. घटना ऑक्टोबर २०२१ ची. रात्री साडेअकराच्या सुमारास महामार्गाच्या कडेला टेम्पो उभा करून ड्रायव्हर-क्लीनर आडवे होणार, तेवढ्यात तिघे आले. चाकू लावला, ड्रायव्हरच्या हाताला वार बसला, १८,००० रुपये आणि क्लीनरचा मोबाईल घेऊन पळाले. १९ दिवसांनी मेहुण्याला दुसऱ्याच गुन्ह्यात उचललं आणि तिथून या गुन्ह्यात वर्ग केलं. त्यानंतर ४१ दिवसांनी जेलमध्ये ओळख परेड झाली, म्हणजे रांगेतल्या माणसांतून साक्षीदारांनी आरोपी ओळखायचा, आणि दोघांनीही त्याला ओळखलं. मोबाईल त्याच्या घरातून निघाला म्हणतात, सोबत ४,००० रुपये, आणि चाकू रस्त्याकडेच्या झुडपातून. जप्तीचे दोन्ही पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी हजर ठेवलेले त्रयस्थ साक्षीदार, कोर्टात फितूर झाले. तिघांपैकी एक फरार आहे, एकाला साक्षीदारांनी ओळखलं नाही म्हणून तो सुटला. आता त्यांचं म्हणणं असं: पंच फितूर झाले म्हणजे केस उडायलाच हवी होती, मग शिक्षा कशी झाली, आणि अपिलात सुटेल का?

गेली २२ वर्षं मी उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवतोय, त्याआधी सहा-सात वर्षं तालुका कोर्टात घासली. "सुटेल का" याचं उत्तर कागद वाचल्याशिवाय जो वकील देतो, त्याच्यापासून जरा लांब राहा. पण हा प्रश्न मला बऱ्याच नातेवाइकांकडून याच शब्दांत येतो, आणि दर वेळी बोट चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. सगळे पंचांवर अडकतात. खरा मुद्दा ओळखीचा असतो.

आधी पंचांचं उरकून टाकू. पंच फितूर होणं ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. हॉटेलवाला, पानटपरीवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई असा कुणीतरी पंच असतो, तीन-चार वर्षांनी समन्स येतं आणि तो सांगतो, "माझ्यासमोर काही झालं नाही, पोलिसांनी सही घेतली." म्हणून जप्ती आपोआप पुसली जात नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही जप्ती शाबीत धरता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. तुमच्या न्यायाधीशांनी बहुधा तेच केलं असणार. मात्र त्या साक्षीतही बघण्यासारखं असतं. रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की वस्तू कुठे आहे ते सांगताना आरोपीनं नेमके काय शब्द उच्चारले ते अंमलदारानं शपथेवर सांगायला हवं. "आरोपीने निवेदन दिले, त्याप्रमाणे पंचनामा केला, तो निशाणी ३२ आहे, त्यावर माझी सही आहे" एवढं म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या निम्म्याअधिक साक्षी याच साच्यातल्या असतात. तेव्हा "पंच फितूर झाले" हा अपिलाचा मुद्दा करू नका. "पंच फितूर झाल्यावर अंमलदारानं उरलेलं ओझं उचललं का" हा करा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या रात्री टेम्पो लुटला गेला, याबद्दल कुणाचा वाद नाही. ड्रायव्हर खोटं बोलतोय असंही म्हणायची गरज नाही. बहुतेक वेळा तो प्रामाणिकच असतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. खोटारडा साक्षीदार उलटतपासात सापडतो. प्रामाणिकपणे चुकलेला साक्षीदार सापडत नाही, कारण त्याला स्वतःलाच खात्री असते. म्हणून अपिलात "साक्षीदार खोटा आहे" अशी सुरुवात करणारा वकील पहिल्या पाच मिनिटांत जजसाहेबांना गमावतो. विचारायचं ते हे: घटनेच्या रात्रीपासून कोर्टात बोट दाखवेपर्यंत या साक्षीदारानं हा चेहरा आणखी कुठे पाहिला? कुणी दाखवला?

यासाठी मी प्रत्येक अपिलात एक साधं काम करतो. कोऱ्या फूलस्केप कागदावर फक्त तारखा लिहितो. घटना, फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, पुरवणी जबाब, अटक, पहिला रिमांड, पोलीस कोठडी संपल्याची तारीख, न्यायालयीन कोठडी, परेडसाठी पत्र दिल्याची तारीख, परेड, दोषारोपपत्र, कोर्टातली साक्ष. निकालपत्रात या तारखा सगळीकडे विखुरलेल्या असतात. एका कागदावर ओळीनं आल्या की बऱ्याचदा केस स्वतःच बोलायला लागते.

उदाहरण म्हणून पुरवणी जबाब, म्हणजे पोलिसांनी नंतर पुन्हा घेतलेला जबाब, घ्या. फिर्यादीत ड्रायव्हर म्हणतो, "तीन अनोळखी इसम, वय अंदाजे २५ ते ३०." बस, एवढंच. रंग, उंची, बांधा, केस, बोली, कपडे, काही नाही. मग आरोपी सापडतो, आणि अटकेनंतर दोन-चार दिवसांनी त्याच ड्रायव्हरचा पुरवणी जबाब येतो: "त्यातील एक इसम सडपातळ, उंच, गालावर जुना व्रण असलेला होता." हे वर्णन आलं कुठून? साक्षीदाराच्या आठवणीतून, की कोठडीत बसलेल्या माणसाकडे बघून? तारखांच्या कागदावर अटक आधी आणि वर्णन नंतर असं दिसलं, की तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा तयार आहे. अमरिक सिंग विरुद्ध पंजाब या २०२२ च्या निकालात असंच काहीसं होतं. पहिल्या माहितीत आरोपीचं वर्णन नाही, ओळख परेड झालेली नाही, आणि कोर्टात एकदम ओळख. अशा ओळखीवर शिक्षा देणं धोक्याचं, असं म्हणून न्यायालयानं आरोपीला सोडलं. तुमच्याकडे परेड झालेली आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण वर्णनाच्या मुद्द्यापुरता उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. रात्री साडेअकरा, रस्त्याची कडा, टेम्पोची केबिन. उजेड कशाचा होता? केबिनचा दिवा, समोरून येणाऱ्या गाड्या, ढाब्याची ट्यूबलाइट? घटनास्थळ पंचनाम्यात दिव्याचा खांब दाखवलाय का, किती अंतरावर? माझ्या एका अपिलात साक्षीदार म्हणाला होता, "चांदण्यात चेहरे स्पष्ट दिसले." खालच्या कोर्टानं ते वाक्य उचलून निकालात घातलं. मी घरी जाऊन त्या वर्षाचं पंचांग काढलं, तर तिथी कृष्ण त्रयोदशी. त्या तिथीला चंद्र पहाटेकडे उगवतो, घटना होती रात्री अकराची. सुनावणीत पंचांग पुढे केलं तेव्हा सरकारी वकीलही हसले. अपील फक्त त्याच्यावर सुटलं नाही, पण त्यानंतर त्या साक्षीदाराचं उरलेलं सगळं वेगळ्या नजरेनं वाचलं गेलं. तोंड झाकलेलं होतं का, हेही बघा. २०२४ च्या पी. शशिकुमार विरुद्ध तामिळनाडू प्रकरणात आरोपीनं घटनेच्या वेळी माकडटोपी घातल्याचं साक्षीदारच सांगत होते, आणि परेडही झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं कोर्टातली ओळख संशयास्पद धरली. आपल्याकडे माकडटोपीच्या जागी रुमाल असतो, एवढाच फरक.

आता परेड. तुमच्या केसचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ओळख परेड नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात आणि तिचा पंचनामा करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत तिच्या सूचना दिलेल्या आहेत. एक आरोपी असेल तर रांगेत निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, हवेत, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा जास्त आरोपी उभे करू नयेत. डमी वयानं, अंगानं, रंगारूपानं आरोपीशी मिळतेजुळते हवेत. आरोपीला रांगेत कुठे उभं राहायचं, कपडे बदलायचे का, हे विचारायचं. साक्षीदारांना परेडची जागा दिसणार नाही अशा ठिकाणी बसवायचं, आणि एकाचं झालं की त्याला दुसऱ्याला भेटू द्यायचं नाही. पोलीस तिथे नकोत. सूचना मोडली की परेड रद्द, असं मात्र नाही. तिचं वजन घटतं. किती घटतं, ते काय मोडलं यावर ठरतं.

परेडचा पंचनामा हातात घ्या आणि असा वाचा. साक्षीदार जेलच्या गेटवर कशानं आले? पोलिसांच्या जीपनं, तपासी अंमलदाराबरोबर? दोघं एकत्र? पहिला साक्षीदार ओळखून बाहेर पडला आणि दुसरा आत गेला, या दोन वेळांमध्ये तो पहिला कुठे होता? डमी कुणी निवडले? जेलमध्ये परेड असली की डमी बहुधा कच्चे कैदीच, म्हणजे खटला अजून चालू असलेले कैदी, असतात. त्यांची वयं पंचनाम्यात लिहिली आहेत का? तुमच्या मेहुण्याच्या गालावर, कपाळावर खूण असेल, तर बाकीच्यांच्या त्याच जागी चिकटपट्टी लावली होती का? राजेश जागेशा विरुद्ध महाराष्ट्र या १९९९ च्या प्रकरणात आरोपीला दाढी आणि लांब केस होते, आणि रांगेत तसा दुसरा कुणी नव्हता. मग ओळखलं काय, वेगळा दिसणारा निवडला काय!

परेडच्या जागी पोलीस असण्याबद्दल एक जुना, आणि आपल्याच मुंबईतला निकाल आहे. १९५१ मध्ये मुंबईत लॉइड्स बँक लुटली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५४ मध्ये निकाल लागला. साक्षीदार परेडमध्ये बोट दाखवतो ते एक प्रकारचं निवेदनच असतं, आणि ते पोलिसांसमोर झालं तर पोलिसांसमोरच्या जबाबाला असणारी बंदी त्यालाही लागू होते, असं त्यात ठरलं. सत्तर वर्षं झाली. अजूनही परेडच्या पंचनाम्यात "तपासी अंमलदार हजर" असं लिहिलेलं मला सापडतं.

मग ते ४१ दिवस. उशीर झाला म्हणजे परेड बाद, असा सरळ नियम नाही. चार दिवसांचा उशीर घातक ठरलाय आणि कित्येक महिन्यांचा चालून गेलाय, असं दोन्ही बाजूंचं सापडतं. उशिराचं कारण कुणी सांगितलं का, आणि त्या दिवसांत आरोपी साक्षीदारांना दिसायची संधी होती का, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तपासी अंमलदाराच्या साक्षीत आणि तहसील कार्यालयाला दिलेल्या पत्राच्या तारखेत मिळेल. पत्र तिसऱ्या दिवशी गेलं आणि तहसील कार्यालयानं निवडणुकीच्या कामामुळे तारीख दिली नाही, तर न्यायालय समजून घेतं. पत्रच ३५ व्या दिवशी गेलं असेल, तर आधीचे ३४ दिवस पोलीस काय करत होते?

दुसऱ्याचं उत्तर जास्त रंजक असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी टोळी पकडली की पत्रकार परिषद होते. टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे पोलीस अधिकारी ओळीनं उभे, त्यांच्यापुढे आरोपी. तो फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपच्या सगळ्या गटांवर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात. कधी आरोपींच्या तोंडावर बुरखा असतो, कधी नसतो. ज्या ड्रायव्हरला लुटलंय, त्याच्या मोबाईलवर तो फोटो येणार नाही का? आधी फोटो किंवा प्रत्यक्ष आरोपी दाखवून मग परेड घेतली, तर परेडला अर्थ उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये गिरीशन नायर विरुद्ध केरळ या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलंय.

पण इथे अपिलाची मर्यादा येते, आणि ती नातेवाइकांना सगळ्यात जास्त टोचते. पेपरातलं कात्रण तुम्ही घरी जपून ठेवलं असेल. ते खालच्या कोर्टात दाखल झालं का? साक्षीदाराला त्याबद्दल विचारलं का? नसेल, तर अपिलात ते सहज आत येत नाही. जास्तीचा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९१, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२. पण तो अपवादानंच वापरला जातो, आणि आधी का आणलं नाही याचं कारण द्यावं लागतं. अपील म्हणजे झालेल्या पुराव्याचं पुन्हा वाचन. जे रेकॉर्डवर नाही, ते बहुतेक वेळा नाहीच.

म्हणून साक्षीदारांच्या साक्षी शब्दन् शब्द वाचायच्या. त्यात ओळींमागून ओळी अशा असतील: "असे म्हणणे खरे नाही की, ओळख परेडपूर्वी पोलिसांनी मला आरोपी दाखविला होता." नातेवाईक हे वाचून म्हणतात, बघा, आमच्या वकिलांनी विचारलं होतं! विचारलं होतं, पण साक्षीदारानं नाकारलं. वकिलानं उलटतपासात सुचवलेली आणि साक्षीदारानं नाकारलेली गोष्ट हा पुरावा नव्हे. त्याच गर्दीत कधी एखादी ओळ लपलेली असते: "हे खरे आहे की, आरोपी पकडल्यानंतर मला पोलीस ठाण्यात बोलावले होते." किंवा क्लीनर सांगून जातो, "साहेबांनी मोबाईल ओळखायला बोलावलं, तेव्हा दोन-तीन पोरं तिथं बसली होती." बस. अशा एका ओळीवर मी अपिलं जिंकलोय, आणि दोनदा तर ती ओळ खालच्या कोर्टातल्या युक्तिवादात कुणी वाचलीच नव्हती. पोलिसांसमोरच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदारानं कोर्टात नव्यानं सांगितली असेल, तर ती त्याला विचारून, मग तपासी अंमलदाराकडून शाबीत करून घेतली आहे का, तेही तपासा. तसं केलं नसेल, तर अपिलात तो फरक वापरता येत नाही.

समोरची बाजूही समजून घ्या, नाहीतर खोटी आशा लागेल. कायद्यात मूळ पुरावा कोर्टातली ओळख हाच आहे, परेड ही तिला आधार देणारी गोष्ट. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश या २००३ च्या निकालानुसार परेड झालीच नाही तरी कोर्टातली ओळख, ती पटण्यासारखी असेल तर, पुरेशी ठरू शकते. सरकारी वकील हा निकाल पहिल्यांदा काढतील. घटना किती वेळ चालली, आरोपी किती जवळ होता, झटापट झाली का, यावर बरंच अवलंबून असतं. ज्याच्या छातीवर बसून कुणी दहा मिनिटं खिसे तपासलेत, त्याची ओळख सहज उडत नाही. तुमच्या केसमध्ये ड्रायव्हरला वार लागलाय, तो जखमी साक्षीदार आहे. त्याच्या शब्दाला न्यायालय जास्त मान देईल.

"दुसऱ्याला ओळखलं नाही म्हणून तो सुटला, मग आमचा का नाही?" हा युक्तिवाद जपून वापरा. तो उलटतो. न्यायाधीश म्हणतात, बघा, साक्षीदार किती सरळ आहे, ज्याला ओळखलं नाही त्याला नाही म्हणाला. त्याचा उपयोग एकाच तऱ्हेनं होतो: उजेड, अंतर आणि वेळ दोघांसाठी सारखीच असताना एक चेहरा लक्षात राहिला आणि दुसरा नाही, तर राहिलेला चेहरा मध्ये कुठे दिसला होता का, असं विचारता येतं.

आतापर्यंतचं एका दमात: पंचांवर अडकू नका, तारखा लावा, वर्णन कधी आलं ते बघा, परेडचा पंचनामा आणि ४१ दिवस फोडून वाचा, आणि साक्षीतल्या कबुल्या शोधा. उरली जप्ती, आणि खरं सांगायचं तर तुमच्या केसमधला सगळ्यात अवघड दगड तिथे आहे.

४,००० रुपयांचं काही नाही. नोटांवर कुणाचं नाव नसतं, नंबर कुणी लिहून ठेवलेले नसतात. चाकू झुडपातून, म्हणजे कुणीही जाऊ शकेल अशा उघड्या जागेतून. पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली आरोपीच्या पोलिसांसमोरच्या निवेदनातला तेवढाच भाग घेता येतो, ज्यामुळे नवीन गोष्ट उघड झाली. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हा नियम पक्का आहे. "ज्या चाकूनं मी ड्रायव्हरला मारलं" हे शब्द निकालपत्रात पुरावा म्हणून आले असतील, तर ते वगळले पाहिजेत. तो चाकू ड्रायव्हरला दाखवून ओळखून घेतला का, त्यावर रक्त सापडलं का, हेही विचारण्यासारखं.

मोबाईलचं मात्र तसं नाही. त्याला १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. क्लीनरचं बिल किंवा खोका कोर्टात आला असेल, नंबर जुळत असेल, आणि मोबाईल घटनेनंतर जेमतेम तीन आठवड्यांत मेहुण्याच्या घरातून निघाला असेल, तर कायदा म्हणतो: चोरीचा माल चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे सापडतो, तो एकतर चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, जोवर तो समाधानकारक खुलासा देत नाही. कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे न्यायाधीशांनी पुराव्याबद्दल आरोपीला थेट विचारलेल्या प्रश्नांना, त्यानं काय उत्तर दिलं ते काढा. दहातले नऊ आरोपी सगळ्या प्रश्नांना "खोटे आहे" म्हणतात, कारण तसंच सांगायला शिकवलेलं असतं. "मित्राकडून दोन हजाराला घेतला" हे खरं असेल आणि तेव्हा सांगितलं नसेल, तर आता सांगून उपयोग नाही.

तरी तपासायच्या जागा आहेत. घरातून म्हणजे कुणाच्या ताब्यातून? घरात आणखी कोण राहतं? आयएमईआय नंबर जप्ती पंचनाम्यात तेव्हाच लिहिला होता, की नंतरच्या कागदांत उगवला? बिलच नसेल आणि क्लीनर नुसता "हा माझाच" म्हणत असेल, तर त्या कंपनीचे तसेच काळे मोबाईल बाजारात ढिगानं मिळतात. मोबाईल कंपनीचे कॉलचे तपशील वापरले असतील, तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब. ते बंधनकारक आहे, हे २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या प्रकरणात ठरलं. निवडणुकीच्या भांडणातला हा निकाल आज चोरी-दरोड्याच्या केसमध्ये रोज वाचला जातो.

आणि ओळखीचा पुरावा कोसळला, पण मोबाईलचा टिकला, तर? मग पर्यायी युक्तिवाद असतो: जबरी चोरीत हा होता हे शाबीत नाही, फार तर चोरीचा माल बाळगला, म्हणजे कलम ४११. त्याची कमाल शिक्षा ३ वर्षं. हा मुद्दा मी अपिलाच्या अर्जात लिहून ठेवतो, पण तोंडी युक्तिवादात पहिला कधीच काढत नाही. पहिलाच काढला की अर्धी कबुली दिल्यासारखं होतं.

याहून महत्त्वाचं, आणि तुमच्या प्रश्नात ज्याचा उल्लेखच नाही, ते कलम ३९७. मेहुण्याला ७ वर्षं लागली ती याच कलमामुळे, कारण त्यात ७ वर्षांहून कमी शिक्षा देताच येत नाही. पण हे कलम ज्यानं स्वतः घातक शस्त्र वापरलं त्यालाच लागतं. फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९७५) आणि दिलावर सिंग (२००७) या निकालांत ते स्पष्ट आहे. शस्त्र उघड दाखवून धाक घातला तरी तो वापरच, पण ते ज्याच्या हातात होतं त्याचा. कलम ३४, म्हणजे सगळ्यांचा समान इरादा, लावून ते बाकीच्यांच्या गळ्यात घालता येत नाही. तर आता बघा: फिर्यादीत चाकू कुणाच्या हातात होता? "त्यातील एकाने" असं असेल, तर तो एक म्हणजे तुमचा मेहुणाच, हे साक्षीदारानं परेडमध्ये सांगितलं का? परेडच्या पंचनाम्यात "हाच तो, यानंच चाकू मारला" असं आहे, की नुसतं "हा त्या तिघांपैकी एक"? फरार आरोपीच्याच हातात चाकू असेल, तर? हा मुद्दा पटला तर दोषसिद्धी कायम राहूनही शिक्षा ३९२ वर येते. तिथे किमान मर्यादा नाही, जरी महामार्गावर सूर्यास्तानंतरच्या जबरी चोरीला कमाल १४ वर्षं असली तरी. आणि धीराची गोष्ट म्हणजे, सरकारनं शिक्षा वाढवण्यासाठी वेगळं अपील केलं नसेल तर आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढत नाही.

आता घाईचं काम. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस असतात. प्रमाणित नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. तुमचे ३५ गेले. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले, गुन्हा त्याआधीचा असल्यामुळे शिक्षा भारतीय दंड संहितेनंच मोजली जाईल. निकालाची एक प्रत आरोपीला मोफत मिळते, ती मेहुण्याकडे जेलमध्ये असेल. कोणत्या खंडपीठात जायचं ते जिल्ह्यावर ठरतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं. पैशाची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जेलमधूनच अधीक्षकांमार्फत अर्ज जातो, आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीवरचे काही वकील मी पाहिलेल्या महागड्या वकिलांपेक्षा फाइल जास्त बारीक वाचतात.

अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज टाका. अपिलाची अंतिम सुनावणी यायला वर्षं लागू शकतात. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, काही खास अडचण नसेल तर, न्यायालयानं उदार असावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात म्हटलंय. खटला चालू असताना मेहुणा जामिनावर होता का, तारखांना हजर राहिला का, हे त्यात कामाला येतं. त्याच्यावरचे बाकीचे गुन्हे वकिलापासून लपवू नका. सरकारी वकील ती यादी आणणारच आहेत, आणि आपल्या वकिलाला ती पहिल्यांदा भर कोर्टात कळणं यासारखी वाईट गोष्ट नाही.

उद्या सकाळी खालच्या कोर्टातल्या वकिलांकडे जा आणि दोषारोपपत्राची पूर्ण फाइल मागा. फी बाकी असेल तर देऊन टाका, भांडण करत बसू नका. फाइलमध्ये आधी दोन कागद शोधा: ड्रायव्हरचा पुरवणी जबाब आणि परेडसाठी तहसील कार्यालयाला गेलेलं पत्र. दोन्हींवर तारीख असेल. त्या अटकेच्या तारखेशेजारी लिहा आणि तो कागद अपिलाच्या वकिलापुढे ठेवा.